काळ्या गाडीवर पहिला पॅड कोणता लावायचा?

प्रश्न थोडक्यात असा आहे: सहा वर्षांची काळी गाडी, उन्हात उभी केली की बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल गोल ओरखडे दिसतात. १५ मिलिमीटर थ्रोचा ड्युअल अ‍ॅक्शन पॉलिशर (पॅड गोल फिरवतानाच डुलवणारी मशीन; थ्रो म्हणजे त्या डुलण्याची रुंदी) घेऊन झालाय, बॅकिंग प्लेट, म्हणजे पॅड चिकटवायची चकती, ५ इंची. आता पॅड घ्यायला गेलं तर पिवळा, नारिंगी, हिरवा, निळा, पांढरा, काळा, वर मायक्रोफायबर आणि लोकरीचा. यातला पहिला कोणता लावायचा, आणि सगळ्या रंगांचा एकेक असलेला संच घेतला तर भागेल का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. संच घेऊ नका. त्यात सहा प्रकारचे सहा पॅड येतात. त्यातले चार तुम्ही कधीच वापरणार नाही, आणि जो खरंच लागतो तो एकुलता एक पॅड दुसऱ्या दरवाजापर्यंत पोचेतो पॉलिशने थबथबून निकामी होईल. एकाच प्रकारचे पाच-सहा पॅड हाताशी हवेत. पॅड निवडताना नवखा माणूस हमखास इथेच चुकतो, आणि मीही चुकलोय.

आता रंग. रंगाला काही ठरलेला अर्थ नाही. रूपेस कंपनीच्या फोम पॅडमध्ये निळा सगळ्यात जास्त कापणारा, आणि पिवळा बारीक कामाचा. लेक कंट्रीच्या नेहमीच्या फोममध्ये पिवळा म्हणजे चांगलाच कापणारा. मेग्वायर्समध्ये कापायला गडद लाल, तिथला पिवळा पॉलिशिंगचा. म्हणजे कुणी व्हिडिओत सांगितलं की ‘पिवळा पॅड लावा’, आणि त्याचा पिवळा एका कंपनीचा, तुमचा दुसऱ्या कंपनीचा असला, की काळ्या पेंटवर काय होईल ते सांगायला नको. रंग ही कंपनीने स्वतःच्या माणसांसाठी केलेली खूण आहे, बस. कट, पॉलिश, फिनिश हे शब्द पाकिटावर वाचा आणि मग पॅड हातात घ्या.

हातात घ्या म्हणजे खरंच घ्या. फोम अंगठ्याने दाबा. कडक फोम अंगठ्याला विरोध करतो आणि सोडला की टपकन वर येतो. फिनिशिंगचा फोम स्पंजासारखा आत जातो आणि निवांत वर येतो. मग पॅड तोंडाजवळ धरून फुंकर मारून बघा. हवा सहज आरपार गेली तर तो उघड्या छिद्रांचा फोम. त्यातून हवा खेळते, उष्णता बाहेर पडते, पण पॉलिशही आत झिरपतं. फुंकर अडली तर बंद छिद्रांचा. तो पॉलिश पीत नाही, ते वरच राहतं, पण गरमी धरून ठेवतो. लांब थ्रोच्या मशीनवर मी पहिल्यालाच पसंती देतो, कारण तिथे शत्रू गरमी आहे.

पॅड नेमकं करतो काय, हे एकदा डोक्यात बसलं की निवड सोपी होते. पेंट कापतात ते पॉलिशमधले बारीक कण. पॅड त्या कणांना धरून पेंटवरून फिरवतो. जितकी पकड घट्ट आणि जितका पॅड कडक, तितका कण खोल चावतो. फोमच्या छिद्रांच्या भिंती कणांना धरतात. मायक्रोफायबर आणि लोकरीत प्रत्येक धागा कण घेऊन फिरतो आणि धागा स्वतःही थोडं कापतो. म्हणून तेच कंपाउंड, म्हणजे जास्त कापणारं पॉलिश, मऊ फोमवर गुळगुळीत चमक देतं आणि मायक्रोफायबरवर पेंट करवतल्यासारखं कापतं. लोक बाटली निवडायला महिना घालवतात आणि पॅड पाच मिनिटांत उचलतात. मी उलटं करतो.

तुमच्या गाडीकडे येतो. कारखान्यातून आलेल्या पेंटवरचा क्लिअर कोट, म्हणजे वरचा पारदर्शक थर, सहसा ३५ ते ५० मायक्रॉन असतो. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन. म्हणजे केसापेक्षाही पातळ थरातून आपल्याला ओरखडे काढायचेत, आणि गाडीला उन्हापासून वाचवणारं द्रव्यही त्याच थरात आहे. कंपाउंड आणि कडक पॅडने गाडी एकदा पॉलिश केली की त्यातले दोनेक मायक्रॉन सहज जातात. आयुष्यात हे काम किती वेळा करता येईल, त्याला मर्यादा आहे. म्हणून सगळ्यात कमी कापणाऱ्या जोडीने सुरुवात करायची आणि गरज पडली तरच वर चढायचं. जाडी मोजायचं यंत्र मिळालं तर घ्या, पण ते पत्र्यावरचे सगळे थर मिळून आकडा दाखवतं, एकट्या क्लिअर कोटचा नाही. साधं यंत्र प्लास्टिकच्या बंपरवर चालतही नाही.

‘काळा पेंट मऊ असतो’ असं तुम्ही ऐकलं असेल. रंग खालच्या थरात आहे, तुम्ही घासताय तो वरचा पारदर्शक थर. पांढऱ्या गाडीवर तेच ओरखडे असतात, फक्त दिसत नाहीत. मऊ-कडक हे कंपनी, मॉडेल, कारखाना, पुन्हा रंग मारलाय का, यावर ठरतं. जपानी गाड्या मऊ आणि जर्मन कडक हा ढोबळ अंदाज बऱ्याचदा बरोबर येतो, आणि ज्या दिवशी चुकतो त्या दिवशी चांगलाच चुकतो. मी एकाच गाडीचा बॉनेट लोण्यासारखा आणि डावा दरवाजा दगडासारखा पाहिलाय. दरवाजा कधीतरी बाहेर रंगवून आणला होता, मालकालाही माहीत नव्हतं.

म्हणून टेस्ट स्पॉट, म्हणजे आधी एका छोट्या चौकोनावर करून बघायचं. गाडी धुवा, क्ले (चिकणमातीसारखी वडी) फिरवा, म्हणजे पेंटला चिकटलेले कण निघून जातील, नाहीतर तेच पॅडमध्ये अडकून नवे ओरखडे पाडतील. मग बॉनेटवर सपाट जागी साधारण ५० बाय ५० सेंटिमीटरचा चौकोन मास्किंग टेपने आखा. पॅड मध्यम कडकपणाचा फोम, पॉलिशही मध्यम. नव्या कोऱ्या पॅडवर पहिल्यांदा थोडं जास्त पॉलिश बोटाने पसरून सगळ्या तोंडाला पातळ थर बसवा. पॅड कोरडा राहिला तर तो कोरडा भाग पेंट ओरबाडतो. त्यानंतर दर चौकोनाला वाटाण्याएवढे तीन-चार थेंब पुरे. मशीन पेंटला टेकवूनच चालू करायची, हवेत चालू केलीत तर भिंतीवर नक्षी उठेल. सगळ्यात कमी वेगावर पसरवा, मग ४-५ नंबरवर घ्या. मशीन अगदी सावकाश, सेकंदाला दोन-तीन सेंटिमीटर. आडवी फेरी, मग उभी, प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढलेला. अशा चार ते सहा फेऱ्या. जोर मशीनच्या वजनापेक्षा थोडासाच जास्त.

एक युक्ती. बॅकिंग प्लेटच्या कडेवर मार्करने एक जाड रेघ मारून ठेवा. मशीन चालू असताना ती रेघ फिरताना दिसली पाहिजे. रेघ थरथरत जागीच दिसतेय म्हणजे पॅड गोल फिरायचा थांबलाय, नुसता हलतोय, आणि कापणं जवळजवळ बंद आहे. लांब थ्रोची मशीन वळणावर, किंवा तुम्ही एका बाजूला जास्त दाबलंत की अशी अडते. जोर वाढवून उपयोग नाही, कमी करायचा आणि पॅड पेंटवर सपाट बसवायचा.

पुसून घ्या. आता टॉर्च तिरपी धरून बघा. पण त्याआधी पाण्यात मिसळलेलं आयसोप्रोपिल अल्कोहोल, पंधरा ते वीस टक्क्यांचं, फवारून एकदा हलक्या हाताने पुसा. पॉलिशमधलं तेल ओरखड्यांत बसून ते लपवतं. मालक खूश होतो आणि दोन धुण्यांनंतर ओरखडे परत. ऐंशी टक्के ओरखडे गेले असतील तर तोच पॅड, तेच पॉलिश, अख्खी गाडी. उरलेल्या वीस टक्क्यांच्या मागे लागू नका. आणि ज्या ओरखड्यात नख अडकतं तो पॅडने निघत नाही, त्याच्या नादात आजूबाजूचा क्लिअर कोट जातो.

निघाले नाहीत तर? एका वेळी एकच गोष्ट बदला, आणि माझ्या मते ती पॅड असावी. मध्यम पॉलिश तेच ठेवून कडक फोम लावा. वेल्क्रोवरून पॅड काढून दुसरा लावायला पाच सेकंद लागतात, आणि फरक कशामुळे पडला हे तुम्हाला कळतं. पॅड, पॉलिश, वेग, जोर असं सगळं एकदम बदललंत की निकाल चांगला आला तरी शिकायला काही मिळत नाही. कडक फोमनेही निम्मेच गेले तर मग मायक्रोफायबर.

मायक्रोफायबर पॅड ड्युअल अ‍ॅक्शनवर मस्त कापतो, कडक पेंटवर तर फोमच्या दोन फेऱ्यांचं काम एकात. त्याची किंमत मात्र मोजावी लागते: मऊ पेंटवर तो धूसर साय सोडतो. उन्हात बघितलंत तर बारीक बारीक टिकल्यांसारख्या रेघा. त्यामुळे मायक्रोफायबरनंतर फिनिशिंगची फेरी पक्की धरायची. शिवाय त्याच्या धाग्यांत पॉलिश आणि निघालेला पेंट यांचा चिखल पटकन भरतो. प्रत्येक चौकोनानंतर पॅड ब्रशने किंवा हवेने साफ केला नाही तर धागे चिकटून सपाट होतात, आणि मग तो मायक्रोफायबर राहत नाही, खरखरीत चटई होते. तुमची गाडी मऊ निघाली तर हा पॅड पिशवीतच राहू द्या.

लोकर. लांब केसांची लोकर रोटरी मशीनवर (ही न डुलता नुसती गोल फिरते) घातली तर तिच्याइतकं जोरात कापणारं दुसरं काही नाही. धाग्यांमधून हवा खेळते म्हणून ती फोमपेक्षा थंडही चालते. ड्युअल अ‍ॅक्शनसाठी आखूड केसांची वेगळी लोकर येते, ती चालेल. पण घरच्या एका गाडीसाठी, असे गोल ओरखडे काढायला, लोकर नको असंच मी म्हणेन.

हे बोलायचा मला हक्क आहे. धंद्याच्या पहिल्या वर्षी माझ्याकडे फक्त रोटरी होती आणि डोक्यात फक्त लोकर. एक काळा बॉनेट संध्याकाळी शेडमधल्या ट्यूबलाइटखाली आरशासारखा केला. मऊ फोमची शेवटची फेरी मारायचा कंटाळा केला. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला मालकाचा फोन, ‘भाऊ, जरा खाली येऊन उन्हात बघता का?’ बॉनेटवर मशीन जिथून जिथून फिरली होती तिथून तिथून इंद्रधनुष्यी पट्टे, आपण चाललो की तेही आपल्याबरोबर सरकायचे. होलोग्राम म्हणतात ते हेच. सगळं परत काढलं, फुकटात, आणि थोडा जास्तीचा क्लिअर कोट विनाकारण गेला तो वेगळाच. तुमच्या ड्युअल अ‍ॅक्शनवर असे पट्टे सहसा येत नाहीत. तेवढ्यासाठी तरी तुम्ही मशीन बरोबर घेतलीय.

मापाचं बघा. ५ इंची बॅकिंग प्लेटला साडेपाच इंची पॅड. पॅड प्लेटच्या सगळ्या बाजूंनी थोडा बाहेर हवा. प्लेटची कड बाहेर राहिली आणि पेंटला टेकली तर क्षणात खड्डा. फार मोठा पॅडही नको, कडा फडफडतात आणि मशीन हातात नाचते. पॅड बरोबर मध्यावर बसवा. मध्ये भोक असलेले पॅड घ्या, भोकातून बोट घालून मध्य साधता येतो आणि आतली गरमीही कमी होते. पॅडच्या मध्यभागी हालचाल कमी आणि उष्णता जास्त साचते, म्हणून जुन्या पॅडचा मध्यच आधी मऊ होतो आणि वेल्क्रोपासून सुटतो.

जाडीबद्दल लोक फार विचार करत नाहीत, खरं तर करायला हवा. जाड फोम मशीनची हालचाल स्वतःतच जिरवतो. खालची प्लेट १५ मिलिमीटर हलतेय, पण पेंटला टेकलेला थर तितका हलत नाही, मधला फोम नुसता डुलतो. तसा पॅड हातात मऊ आणि सुखद वाटतो, काम मात्र कमी. पातळ पॅड हालचाल जशीच्या तशी पेंटपर्यंत पोचवतो आणि थंडही राहतो. जाड फोम रोटरीच्या काळातला, तिथे वळणांवर गादी लागायची. तुमच्यासाठी साधारण एक इंच किंवा त्याहून कमी.

आरशाखालचा भाग, खांब, बंपरचे कोपरे यांसाठी ३ इंची प्लेट आणि तसे पॅड लागतील. लहान पॅडवर तेवढाच जोर कमी जागेत जातो, म्हणून तो जास्त चावतो आणि लवकर तापतो. हात हलका ठेवा. दरवाजाच्या आणि बॉनेटच्या धारदार घड्यांवर क्लिअर कोट मुळातच पातळ, तिथे टेप लावा, घासू नका. बंपर प्लास्टिकचा असतो. पत्रा उष्णता पसरवतो, प्लास्टिक ती जागीच धरून ठेवतं, म्हणून बंपरवर वेग कमी, पॅड एक पायरी मऊ, आणि टेस्ट स्पॉट वेगळा. प्रत्येक चौकोनानंतर तळहात पेंटवर ठेवून बघा. कोमट असेल तर ठीक, हात उचलावासा वाटला तर थांबा.

आणि एक बघत राहा: पॅडवर उतरणारा चिखल कोणत्या रंगाचा आहे. क्लिअर कोट असलेल्या काळ्या गाडीवर तो पांढुरका, पॉलिशच्या रंगाचा असायला हवा. पॅड काळा व्हायला लागला तर हात तिथेच थांबवा. एक तर गाडीवर क्लिअर कोटच नाही, जुन्या पद्धतीचा एकथरी पेंट आहे, किंवा तुम्ही थर पार केलाय.

शेवटची फेरी. काळ्या गाडीला ती हवीच, मधल्या पॅडने कितीही छान दिसलं तरी. मऊ फिनिशिंग फोम, बारीक पॉलिश, वेग थोडा कमी, शेवटच्या दोन फेऱ्यांना जोर जवळजवळ शून्य. अतिशय मऊ पेंटवर कधीकधी फार मऊ, भुसभुशीत पॅडच धूसरपणा सोडतो, आणि त्याच्यापेक्षा किंचित कडक पॅड स्वच्छ निकाल देतो. का, हे समजावत बसण्यापेक्षा टेस्ट स्पॉटवर दोन्ही लावून बघा म्हणतो.

किती घ्यायचे? मध्यम आकाराच्या गाडीला मध्यम फोम पाच-सहा, फिनिशिंग तीन-चार, कडक फोम दोन (लागले तर आणखी घ्या), ३ इंची मध्यम दोन-तीन. मायक्रोफायबर आत्ता नको, टेस्ट स्पॉट सांगेल तेव्हा. दर एक-दोन पॅनलनंतर पॅड बदला. पॉलिश पिऊन ओला झालेला पॅड मऊ पडतो, कापत नाही, आणि तापतो, मग माणूस जोर वाढवतो आणि तो आणखी तापतो. दर चौकोनानंतर मशीन सावकाश फिरवत पॅडचं तोंड कोरड्या टॉवेलमध्ये दाबलं तरी बराच चिखल निघतो. पॅड जमिनीवर पडला की त्या दिवसापुरता तो बाद. झटकून परत लावायचा मोह होतो, पण एक वाळूचा कण काळ्या बॉनेटवर पुरेसा आहे.

काम संपलं की लगेच धुवा, पॉलिश वाळलं की दगड होतं. कोमट पाणी, पॅड क्लीनर किंवा साधा ऑल पर्पज क्लीनर पातळ करून, बोटांनी फोम दाबत दाबत. कपड्यासारखा पिळू नका. फोम आणि वेल्क्रो यांच्यामधला गोंद पिळण्याने आणि गरम पाण्याने सुटतो. पाणी झटकायला पॅड मशीनला लावून बादलीच्या आत काही सेकंद फिरवा, मग सावलीत वाळू द्या. कट, पॉलिश, फिनिश असं मागे वेल्क्रोच्या कडेला मार्करने लिहून ठेवा आणि ज्या पॅडवर कंपाउंड गेलं त्यावर पुन्हा फिनिशिंगचं पॉलिश टाकू नका, कितीही धुतलेला असला तरी.